सहा पटाश्या आणि गजकर्णाचं मलम

फुलसावंगी, १० ऑक्टोबर १९५९

शाळेत सुतारकामाची पेटी आली. बैलगाडीतून उतरवताना हेडमास्तर नानाजी गुरुजी इतके ओरडत होते की आत काचसामान आहे असं कुणालाही वाटावं. पावतीवर सही माझी, कारण हस्तकला माझ्याकडे. करवत एक, रंधा एक, लाकडी मोगरी एक आणि पटाश्या सहा. मला लाकडात खाचा पाडायच्या त्या पटाश्याच बघायच्या होत्या. ट्रेनिंगला आम्हाला झिजून अर्ध्या झालेल्या मिळायच्या, त्याही पाच जणींत एक. या कोऱ्या करकरीत, मेणकागदात गुंडाळलेल्या. सगळ्यात अरुंद माझ्या करंगळीच्या नखाएवढी, सगळ्यात रुंद दोन बोटांची.

एक चालवून बघते म्हटलं तर गुरुजी म्हणाले, आधी पूजा. उद्यापासून दसरा-दिवाळीची सुट्टी, तेव्हा हत्यारांची पूजा आजच उरकायची. पात्यांवर पिवळट रोगण होतं, ते त्यांनी रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढलं, पटाश्या पाटावर मांडल्या, पाणी शिंपडलं, ओल्या हळदकुंकवाचे पट्टे ओढले, वर झेंडूची फुलं. मी बाजूला उभी राहिले. छप्पन साली घरात दीक्षा घेतल्यापासून आमच्या पूजा सुटल्या, हे गुरुजींना ठाऊक आहे. माझ्या न जोडलेल्या हातांकडे त्यांनी एकदा पाहिलं. मग सगळं फुलांसकट कपाटात ठेवून कुलूप लावलं.

उद्या मोटारीने बाभुळगावला घरी. महिनाभर त्या पटाश्या डोक्यात राहणार.

९ नोव्हेंबर

शाळा उघडली आणि कपाटही. फुलं वाळून चिकटलेली. ती काढली तर खाली, जिथे जिथे कुंकू ओलं राहिलं होतं तिथे तिथे, गंजाचे तांबडे चट्टे. सहाही पटाश्यांना.

गुरुजींनी एका चट्ट्यावरून नख ओढून पाहिलं. मग म्हणाले, "हात जोडले असते तर काय झिजले असते, बाई?" मी म्हटलं की लोखंडाला पाणी लागलं की ते गंजतं, हात कुणाचे जोडलेले होते हे लोखंड विचारत नाही. हे बोलायला नको होतं. त्यांनी टेबलावरून कागद उचलून माझ्यापुढे ठेवला.

कागद असा: बारा डिसेंबरला डेप्युटी साहेबांची तपासणी. पाचवी ते सातवीच्या मुला-मुलींनी नवीन अवजारं वापरून दाखवायची, त्यांची निगाही ठेवून दाखवायची. जिथे अवजारं पडून आहेत किंवा खराब झाली आहेत तिथून पेटी दुसऱ्या शाळेला जाईल आणि जबाबदार शिक्षकाच्या सर्व्हिस बुकात शेरा बसेल. जबाबदार शिक्षक म्हणजे जिची पावतीवर सही आहे ती. नोकरीला सव्वा वर्ष झालं आहे, अजून कायम झाले नाही. शेरा बसला तर कायम होणं विसरायचं. शिवाय मुलींना सुतारकाम द्यावं यासाठी मी गुरुजींशी दोन महिने भांडले आहे. त्यांना आता हसायला आयतंच मिळेल.

संध्याकाळी गंजाचं जाऊ दे म्हणून एक पटाशी आंब्याच्या फळकुटावर चालवली. लाकूड कापलं गेलं नाही, चेंगरलं. नवीन पटाशी, एकदाही न वापरलेली, आणि बोथट. असं काहून असावं? कारखान्यातून येताना धार का लावत नाहीत? विळासुद्धा लोहाराकडून धार लावूनच मिळतो. माझ्या ट्रेनिंगच्या वहीत पटाशीचं चित्र आहे, भागांची नावं आहेत आणि खाली "धार लावून घ्यावी" एवढंच. कुणाकडून घ्यावी ते नाही.

११ नोव्हेंबर

गावचे सुतार पुंडलिकराव. यांच्या धारेचं नाव उमरखेडपर्यंत आहे म्हणतात. शाळा सुटल्यावर गेले. मला ओट्यावर बसवलं. चहा आला तो कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपात, दांडी तुटलेल्या. असा कप मला नवा नाही. चहा चांगला होता, आलं घातलेला.

पुंडलिकराव बोलायला लागले की थांबत नाहीत. पटाशी हातात घेऊन त्यांनी तासभर आपल्या धारेच्या गोष्टी सांगितल्या. खरी धार कशी ओळखायची, तर डाव्या हाताच्या मनगटावरचे केस पाणी न लावता भादरून बघायचे. "केस उडाले का समजा धार आली. दुसरी परीक्षा नाई." मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत अस्वलासारखे केस. मोठा माणूस, पूर्वीसारखी स्वतः परीक्षा करायची गरज पडत नसेल.

मी शिकायचं म्हटलं तर हसले. त्यांच्या घराची रीत अशी की बाईमाणसाने हत्याराला हात लावायचा नाही, धार उतरते. मग मला म्हणाले, तुम्ही मास्तरीण, तुमची गोष्ट वेगळी, पण आमच्या घरात रीत ती रीत. एक ठेवून जा, उद्या या.

त्यांची बायको शकुबाई दाराआड उभी होती. चाळिशीची असेल, बोलणं फार कमी. चहा ठेवताना तिच्या डाव्या मनगटाच्या वर एक गुळगुळीत पट्टा दिसला, केस अजिबात नाहीत, कातडी चकचकीत. गजकर्ण असावं. मी तिला सांगितलं, माझ्याकडे पुसदच्या डॉक्टरांचं मलम आहे, आणून देते. ती माझ्याकडे बघत राहिली, मग पदर हातावर ओढून घेतला. लाजली असेल.

१२ नोव्हेंबर

पटाशी मिळाली. काय वर्णन करू? गंजाचा मागमूस नाही. पाठ आरशासारखी, तिच्यात माझं नाक दिसलं. आंब्याच्या फळकुटावर नुसती टेकवून ढकलली तर कागदासारखी पातळ ढलपी गुंडाळत वर आली. मी दहा-बारा ढलप्या काढल्या, उगाच.

पण एक पटाशी धार लावून आणणं म्हणजे शिकणं नव्हे. साहेब निगा विचारणार. म्हणून पुंडलिकरावांना विचारलं, आधी कोणती बाजू घासली? "दोन्हीकून," म्हणाले. किती वेळ? "होईतोवर." उतार किती ठेवला? "अंदाजानं." माझ्या समोर करून दाखवता का? तर दाढ दुखते म्हणाले. कारागीर लोक विद्या लपवतात असं ऐकलं होतं, ते खरं आहे.

मलम शकुबाईला दिलं. घेतलं, उघडून वास घेतला, ठेवून दिलं.

१८ नोव्हेंबर

आज मूर्खपणा केला, तो लिहून ठेवते.

पुंडलिकराव सहा दिवस टाळत आहेत. आज बाजार. चाकावर धार लावणारा एक जण बसला होता, चाक फिरलं की ठिणग्यांची कारंजी. मला वाटलं, हेच. रुंद पटाशी दिली. त्याने पाच मिनिटांत लखलखीत करून दिली. फक्त टोकाला एक रंग आला होता, निळा-जांभळा, मोराच्या पिसासारखा. मला तो आवडलासुद्धा. शाळेत चालवली तर तिसऱ्या फटक्याला धार दुमडली, पत्र्यासारखी.

ती घेऊन सुताराच्या ओट्यावर गेले. पुंडलिकरावांनी उलटीपालटी करून पाहिली, मग पुन्हा उलटीपालटी केली. आतून शकुबाई म्हणाली, "पानी गेलं." लगेच पुंडलिकराव मोठ्याने म्हणाले, "हो, पानी गेलं हिचं." लोखंड तापवून पाण्यात बुडवून जो कडकपणा दिलेला असतो तो चाकाच्या घर्षणाने उतरला, निळा रंग ही त्याची खूण. आता निळं आहे तेवढं सगळं हाताने घासून टाकायचं, मगच खालचं चांगलं पोलाद लागेल. इतकी वर्षं एकत्र संसार केला की नवरा-बायकोला एकच गोष्ट एकाच वेळी सुचत असावी. आमच्या आई-बाबांचंही असंच होतं.

दोन पटाश्या हिशोबातून गेल्या, एक सुधारून आणि एक बिघडून. चार तशाच गंजलेल्या. चोवीस दिवस उरले.

२२ नोव्हेंबर

तांड्यावरची मानीबाई वाटेत भेटली. कापूस वेचणीला चालली होती, पण कमरेला विळा होता, नवीन धारेचा. मी हल्ली सगळ्यांच्या धारा बघते. कुणी लावली विचारलं तर म्हणाली, गुरुवारी सुताराकडे दिला होता, शुक्रवारी मिळाला. मी म्हटलं गुरुवारी-शुक्रवारी पुंडलिकराव उमरखेडला गाडीचं चाक बसवायला गेले होते, मी स्वतः दोनदा जाऊन परत आले. तुझा वार चुकला. मानीबाई म्हणाली, "वार चुकंल बाई, पन ईळा तं चुकत नाई." आणि हसत गेली. तिला एकदा आठवड्याचे वार नीट शिकवले पाहिजेत. रात्रीचा प्रौढवर्ग तांड्यावर नेता आला तर बरं होईल.

२५ नोव्हेंबर

आज मोठा दिवस.

पुंडलिकराव परत बाहेरगावी. मी हिय्या करून शकुबाईला विचारलं, ओट्यावर त्यांचे धारेचे दगड आहेत, मी माझी पटाशी त्यावर घासली तर चालेल का? रीत तुमच्या घरच्या बाईसाठी आहे, मी काही तुमच्या घरची नाही. ती बराच वेळ तूर पाखडत राहिली. मग म्हणाली, "घासा. मी नाई हात लावत."

मी उतार, म्हणजे धारेची तिरकी बाजू, घासायला घेतला. तिने सूप न थांबवता म्हटलं, "हे म्हनतेत का पाठ आधी घासा लागते. पाठ सपाट नाई तं धार कायची."

मी पाठ घासायला लागले. "हे म्हनतेत का दगड कोरडा नसावा." आणि उठून आतून लोटा आणला, घरचा पितळी लोटा, दगडावर पाणी ओतलं आणि लोटा माझ्या गुडघ्याशी ठेवला. मी लोट्याकडे पाहिलं, तिने सुपाकडे. मी लोटा उचलला आणि पाणी ओतलं. पुढचे दोन तास तो तिथेच होता, मी हात लावत होते, तिने एकदाही उचलून दूर ठेवला नाही. दांडी तुटलेला कप कोनाड्यात दिसला नाही म्हणून आत डोकावले, तर तो हत्यारांपाशी होता आणि त्यात जवसाचं तेल होतं, मुठींना चोळायला.

पाठ सपाट झाली हे कसं कळायचं? हा प्रश्न मी पुंडलिकरावांना चारदा विचारला होता. शकुबाई आत गेली आणि काजळाची डबी घेऊन आली. "पाठीले काजळ लावा. मंग दोनदा घासा. जिथं काजळ राह्यलं तिथं खड्डा हाये. सगळं काजळ गेलं का झाली सपाट." मग जरा थांबून, "असं हे म्हनतेत." मी लावलं, घासलं. मधोमध एक काळं बेट उरलं, चंद्रावरच्या डागासारखं. घासत गेले तसं बेट लहान होत गेलं. इतकं मजेशीर काही मी वर्षभरात केलेलं नाही. कारखान्याने पाठ सपाट केलेलीच नसते, वरून नुसतं रोगण. नवीन वस्तू तयार नसते, तिला तयार करावं लागतं, हे मला ट्रेनिंगच्या एकाही पुस्तकाने सांगितलं नव्हतं.

शकुबाईचं मात्र कौतुक वाटतं. नवऱ्याचं एकेक वाक्य तिने कानात साठवलं आहे. एवढ्या हुशार बाईला हत्यार हातात घेता येत नाही, याचं वाईटही वाटतं. आणि पुंडलिकराव धार लावायला काजळ वापरतात हे कुणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही.

३ डिसेंबर

रोज शाळा सुटली की ओटा. पुंडलिकराव घरी असले तरी आता काही म्हणत नाहीत, चिलीम घेऊन पलीकडे बसतात. शकुबाई सूप, नाहीतर वाती, नाहीतर लसूण घेऊन दारात. हात लावत नाही. फक्त "हे म्हनतेत".

शिकलेलं लिहून ठेवते, वर्गासाठी. पाठ झाली की उतार. पटाशी डोलू द्यायची नाही, कोपर पोटाशी. घासता घासता पाठीवरून बोट फिरवलं की धारेशी दुमडलेल्या पोलादाची खरखरीत कोर लागते. ती लागली म्हणजे इकडचं काम झालं, आता उलट बाजूने एकदा घासून ती मोडायची. मग चामड्यावर ओढायची. उजेडात धार डोळ्यासमोर धरायची. पांढरी रेघ दिसली तर बोथट. काहीच दिसलं नाही तर धार आली. हे मला फार आवडलं, की चांगली धार दिसत नाही. शेवटी पुंडलिकरावांची परीक्षा, डाव्या मनगटावरचे केस.

चार गंजलेल्या पटाश्या झाल्या. राहिली निळी. तिचं निळं संपता संपत नाही. बोटांची टोकं काळी, नखं सपाट झाली आहेत. शकुबाईचीही नखं अशीच आहेत, भांडी राखेने घासून झाली असतील.

सातवीतल्या सत्यभामाने आज शाळेत पहिल्यांदा अरुंद पटाशीने खाच पाडली. काठ स्वच्छ. मग तिच्यामागे मुलींची रांग लागली. गुरुजी दारात येऊन उभे राहिले, आणि हसले नाहीत.

९ डिसेंबर

निळं संपलं. हात इतका दुखतो की लेखणी धरवत नाही.

एक खटकणारी गोष्ट. आज हात दुखतो म्हणून मी पुंडलिकरावांना म्हटलं, ही शेवटची कोर तुम्ही मोडून द्या. त्यांनी पटाशी दगडावर धरली, दोनदा ओढली, दोन्ही वेळा ती डोलली. माझ्या तोंडून निघून गेलं, "कोपर पोटाशी." त्यांनी पटाशी खाली ठेवली. चेहरा उतरला. मी माफी मागितली. म्हातारपणी हात थरथरतो, त्यात त्यांचा काय दोष. पण दोन तासांपूर्वी ते गुळगुळीत फळीवर रेघ आखत होते, तेव्हा हात थरथरला नव्हता.

शकुबाई लसूण सोलत होती. लसणाकडे न बघता सोलत होती.

१२ डिसेंबर

तपासणी झाली. क्रमाने लिहिते.

साहेब अकराला आले. सहा पटाश्या टेबलावर, जवसाचं तेल प्यालेल्या मुठी, पाती लखलखीत. साहेबांनी एकेक उचलून धार उजेडात धरली. या माणसाला कळतं हे मला तेव्हाच समजलं. मुलींनी खाचा पाडल्या, मुलांनी सांधा बसवला. मग विचारलं, धार कुणी लावली? मी म्हटलं, मी. शिकलात कुठे? गुरुजींनी लगेच पुंडलिकरावांना पुढे केलं. त्यांना आज मुद्दाम बोलावलं होतं, धुतलेला फेटा, कपाळाला गंध. खिडकीबाहेर गावातल्या बाया उभ्या होत्या, त्यांत शकुबाईही.

साहेबांनी खिशातून आपला चाकू काढला आणि पुंडलिकरावांना म्हणाले, जरा दाखवता का तुमचा हात? नाव ऐकलं आहे तुमचं.

सगळी शाळा बघत होती. पुंडलिकरावांनी चाकू घेतला. दगड समोर, पाणी समोर. ते दगडाकडे बघत राहिले. त्यांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळायला लागलं. मी खिडकीकडे पाहिलं. शकुबाईने पदराचं टोक दातात धरलं होतं आणि तिचा उजवा हात खिडकीच्या गजावर पुढे-मागे, पुढे-मागे सरकत होता, कोपर पोटाशी.

तेव्हा मला कळलं. एकदम, सगळं. काजळाची डबी, मानीबाईचा गुरुवार, आतून आलेलं "पानी गेलं". मला माझाच इतका राग आला की कान तापले. ज्या बाईने विद्या दिली तिला मी महिनाभर नवऱ्याचा पोपट समजत होते.

आणि आता ती बाहेर, हा माणूस आत, चाकू हातात. याने चाकू घासला की दोघांचं वर्षानुवर्षांचं घर उघडं पडणार होतं. मी पुढे झाले आणि म्हटलं, साहेब, परीक्षा माझी आहे, चाकू माझ्याकडे द्या. साहेबांनी पुंडलिकरावांकडे पाहिलं. त्यांनी चाकू माझ्या हातात ठेवला. त्यांचे हात गार होते.

मी घासला. कोर आली, मोडली, तळहातावर ओढला. साहेबांनी बाही सरकवून मनगटावर लावून बघितला आणि केस उडाले. त्यांनी पुंडलिकरावांना विचारलं, "तुम्हीच शिकवलंत ना यांना?"

पुंडलिकराव खिडकीकडे बघून म्हणाले, "आमच्या घरी शिकली बाई. आमच्या घरात शिकवनारं मानूस हाये."

साहेबांनी मान डोलावली आणि लिहून घेतलं. काय लिहिलं ते नंतर गुरुजींनी वाचून दाखवलं: पेटी याच शाळेत राहावी, बाईंचं काम उत्तम. गुरुजी वाचताना दोनदा अडखळले. मग चष्मा पुसत म्हणाले, पुढच्या दसऱ्याला कुंकू कोरडं वाहू.

१३ डिसेंबर

सकाळी अंघोळीला बाही वर केली तर डाव्या मनगटाच्या वर एक पट्टा. केस नाहीत, कातडी गुळगुळीत, चकचकीत. मी तांब्या हातात धरून तशीच बसले. मग हसू आलं, मग रडू.

तशीच सुताराच्या घरी गेले. पुंडलिकराव ओट्यावर नव्हते, आत चूल फुंकत होते. ओट्यावर दोन दगड मांडलेले होते, एक त्यांचा जुना आणि एक नवा. नव्यासमोर शकुबाई बसली होती. मांडीवर सूप नव्हतं. हातात रंध्याचं पातं होतं, आणि ती ते उजेडात, सगळ्या गल्लीच्या देखत घासत होती.

तिने सांगितलं ते थोडक्यात. पांढरकवड्याला वडील सुतार, मुलगा नव्हता, हिला बसवून शिकवलं. सासरी आली तर रीत वेगळी. नवऱ्याचा हात सांध्याला सोन्यासारखा, धारेला नाही. पहिल्याच वर्षी तिने हे ओळखलं आणि तेव्हापासून दार लावून घासत आली. मी विचारलं, साहेबांना पत्र लिहून तुमचं नाव कळवू का? ती पातं उलटं करून बोट फिरवत होती, कोर शोधत. म्हणाली, "नाव राहू द्या, बाई. पोरींले धाडा. दोन-दोन करून."

पुंडलिकराव चहा घेऊन आले. तीन पितळी पेले, सारखे. एक मला, एक तिला, एक स्वतःला.

मी माझी बाही वर केली आणि हात तिच्या हाताशेजारी धरला. दोन पट्टे, एक जुना, एक दोन आठवड्यांचा. शकुबाईने नीट पाहिलं, वाकून, काळजीने. मग आत गेली आणि डबी घेऊन आली. मीच दिलेली, पुसदच्या डॉक्टरांची, अजून भरलेली.

"गजकर्न दिसते, बाई," ती म्हणाली. "लावत जा."